शेगडीशिवाय केलेलं गोड

प्रिय आईस,
तुझ्या पदवीधर लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वसंतातल्या सणाच्या सुट्टीला घरी यायचंच होतं, पण नोकरीत नव्या माणसाला रजा सर्वांत शेवटी मिळते. जेवते वेळेवर, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा आता कसा आहे? खरं ते लिही.

सुट्टीत आमच्या नोकरदार मुलींच्या होस्टेलमध्ये आम्ही मोजक्याच उरलो. म्हटलं, आपणच सगळ्यांसाठी गोड करू. खोलीत शेगडीला बंदी, म्हणून बिस्किटं, घोटलेली साय आणि फळं यांचे नुसते थर लावायचे ठरवले. 'शिकली, पण चहा येत नाही,' हे काकू तुला ऐकवते, ते डोक्यात होतंच.

आपण घरी चहात बुडवतो तशी बिस्किटं मी दुधात मनसोक्त बुडवली. त्यांचा पार लगदा झाला. माझ्या खोलीतली नर्स म्हणाली, "बाई गं, या खळीनं पोस्टरं चिकटवायचीत का?" मला रडूच येत होतं. मग कोरडी बिस्किटं चुरून त्यात मिसळली, दाबून बसवली, वर साय आणि फळं लावून मेसच्या फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी सुरीनं सुरेख वड्या पडल्या!

मेसच्या मावशींना सहसा कुणाच्या हातचं आवडत नाही. त्यांनी दोनदा घेतलं. "कुणी शिकवलं गं?"

"आईनं," मी म्हटलं.

तू मला ओट्याजवळ फिरकू द्यायची नाहीस. "तू पुस्तक घे, इकडचं मी बघते," म्हणायचीस. पण बिघडलेलं टाकून न देता कसं सावरायचं, ते मी पुस्तकाआडून तुझ्याकडे बघतच शिकले.

तुझी,
थोरली