कच्चा माल, माफक दरात

३ फेब्रुवारी, सकाळी
कंपनीने नारळ दिला त्याला बरेच महिने झाले. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. हे चांगलंच आहे. धंद्याला डोकं थंड लागतं.

निर्णय: काचेच्या बाटल्या रंगवून विकायच्या. टाकाऊतून टिकाऊ. भांडवल जवळजवळ शून्य. ही छोटीला घेऊन बहिणीकडे गेली तेव्हा म्हणाली होती, पिणं सोड, हाताला काहीतरी काम लाव, मग बघू. तर काम लागलं. पिण्याचं नंतर. एका वेळी एकच गोष्ट धरावी.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
हिला फोन. बाटल्या म्हटल्यावर आधी विचारलं, रिकाम्या ना? मग म्हणाली, पंचवीसला रविवार आहे, छोटीला घेऊन येते. पटलं तर राहू दोघी. मागून छोटी ओरडली की तिला माशांची बाटली हवी. मासे सोपे असतात.

५ फेब्रुवारी
रंगांच्या दुकानात गेलो. काचेवरच्या रंगांचे भाव ऐकून डोळे पांढरे झाले. ब्रश वेगळे. दुकानातल्या बाई म्हणाल्या, आधी बाटल्या तर जमवा, रंग कुठे पळून जातायत? बाई व्यवहारी आहेत.

६ फेब्रुवारी
भंगारवाल्याकडे. सगळ्या सॉसच्या बाटल्या. कुणाचा टवका उडालेला, कुणाच्या तोंडाला चीर. मला चौकोनी, जाड काचेची हवी. घासाघीस केली तर वैतागला. म्हणाला, एवढी चांगली पाहिजे तर भरलेली घ्या आणि रिकामी करा.

चेष्टेत म्हणाला. पण घरी येऊन विचार केला. दुकानदार पैसे आतल्या मालाचे घेतो. म्हणजे बाटली फुकटच की!

८ फेब्रुवारी
पहिली बाटली तयार. म्हणजे रिकामी. लेबल गरम पाण्यात सुरेख सुटलं.

१२ फेब्रुवारी
उत्पादनाने वेग घेतलाय. खिडकीत ओळ लागली. शेजारच्या रिटायर्ड मास्तरांनी विचारलं, तेव्हा त्यांना सगळा प्रोजेक्ट समजावला. ते बरं म्हणाले आणि दार लावून घेतलं. लोकांना कलेची कदर नाही.

१५ फेब्रुवारी
रंगांसाठी बाजूला ठेवलेले पैसे तात्पुरते कच्च्या मालाकडे वळवले. मोठमोठे उद्योगपती हेच करतात. छोटीचे जुने वॉटरकलर सापडले, ते वापरून पाहिले. मासा काढला. पुसटसा दिसला, मग ओघळत ओघळत बुडाशी आला आणि त्याचं डबकं झालं. दोष रंगांचा.

१९ फेब्रुवारी
काही नाही. खिडकीशी बसून होतो. माल वाढला.

२४ फेब्रुवारी
उद्या येणार. संकल्प: पहाटे उठून निदान माशांची एक बाटली. आजच करणार होतो, पण हात थरथरत होता. म्हणून थोडी घेतली, औषधापुरती.

२५ फेब्रुवारी, रविवार
बेल वाजली तेव्हा झोपेत होतो. छोटी धावत खिडकीशी गेली आणि थांबली. मासे कुठेत, विचारलं. मी म्हटलं, अजून पाण्यात सोडायचेत. हसली. मग एक बाटली उचलून तिने वास घेतला आणि आईकडे पाहिलं.

हिने ती बाटली तिच्या हातातून काढून घेतली, ओळीत परत ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं. कपाटातून छोटीचे उन्हाळ्याचे कपडे काढले, पिशवीत भरले. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. दारात म्हणाली, "यापुढे छोटीला आणणार नाही मी."

वाईट वाटलं. फार वाटलं.

२६ फेब्रुवारी
बाटल्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. पोती भरली. म्हणाला, साहेब, थोड्या थोड्या देत जा, एकदम ओझं होतं. जे पैसे आले त्यात एक निळा रंग नक्की आला असता. रंग आणायलाच निघालो होतो. चौकात उजवीकडे वळायचं असतं. डावीकडे वळलो.

टेबलावर ठेवली आहे. ही बाटली रंगवण्यासाठी आणलेली नाही.