पाडलेल्या इमारतीच्या लिफ्टबद्दल

परवा मी तुमच्या दारात उभी होते आणि आत रेडिओ चालू होता. बेल वाजवली तसा तो बंद झाला. विहीणबाई, घरात माणूस नसलं तर रेडिओ आपण होऊन बंद होत नाही, एवढं मला चौथी शिकूनही कळतं. तीन मजले चढून आले होते (तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, दुसऱ्या कंपनीची आहे, आमची असती तर तीन-तीन दिवस लटकली नसती). पायरीवर बसून दम खाल्ला, पुन्हा एकदा बेल दाबली आणि शेवटी तुमच्या पायपुसण्याशी दोन शब्द बोलून उतरले. दार न उघडण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण रेडिओ तरी चालू ठेवायचा होतात. बेल ऐकू गेली नसेल, असं मनाशी म्हणत मला घरी जाता आलं असतं.

असो, आता रीतीने लिहिते. श्रीमती विहीणबाईंना माझा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावून घेत असाल तर खालून वर लावा, वरून खाली लावून काही होत नाही. झोप लागते का? माझी तब्येत विचाराल तर (विचारणार नाही, माहीत आहे) खोकला आहे, डोळे आहेत तसेच आहेत, आणि जीभ सोडून बाकी सगळं थकलं आहे. चिरंजीव जेवतात, पण ताटाकडे बघून जेवतात. नात माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. तुमची लेक तुमच्याकडे येऊन आज नववा दिवस. ती आराम करायला गेली आहे असं चिरंजीव शेजारीपाजारी सांगतात. शेजारी मान हलवतात आणि माझ्याकडे बघतात.

तिने तुम्हाला किती सांगितलं मला ठाऊक नाही. तिची सवय अर्धं गिळायची. म्हणून पूर्ण मीच सांगते, म्हणजे तुम्हाला माझ्यावर रागवायचं तर नीट रागवता येईल.

आमचा लिफ्टदुरुस्तीचा धंदा तुम्ही पाहिलेला आहे. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, आतल्या खोलीत सुटे भाग, बाहेर टेबलं, आणि खिडकीशी माझं टेबल व तक्रारीचा फोन. कुणाची लिफ्ट अडकली, कुणाचं दार लागत नाही, की फोन मी घ्यायचा. ह्यांनी धंदा काढला तेव्हापासून मीच घेते. पूर्वी वही होती. वही भरली की माळ्यावर टाकायची, माळा भरला की पुढचं उंदीर बघून घ्यायचे. कुणाला कधी जागा कमी पडली नाही. आठ वर्षांपूर्वी तुमच्या लेकीने सिस्टीम आणली. चांगली आणली, मी नावं ठेवली तरी चांगलीच आणली. नातीने माझं बोट धरून टाईप करायला शिकवलं आणि मी त्या एका बोटावर आजवर चालले आहे. फक्त माझा काचेवर विश्वास नाही. म्हणून तक्रार आधी वहीत लिहायची, मग त्या पानाचा फोनवर फोटो काढायचा आणि तो फोटो सिस्टीममध्ये तक्रारीला जोडायचा, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीने लिहिलंच नाही. माझ्या मते ही हुशारी होती.

मग सिस्टीम जडावली. आधी पापणी लवेपर्यंत उघडायची, मग दोन घोट चहा होईपर्यंत, आणि गेल्या महिन्यात एक दाताचे डॉक्टर दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकले असताना पडद्यावरचं ते गोल चाक फिरतच राहिलं. मी त्यांना म्हटलं थांबा, त्यांनी विचारलं, दुसरं काय करू? त्यांच्या खुर्चीत एक पेशंट तोंडात कापूस घालून बसला होता आणि डॉक्टर आमच्या पिंजऱ्यात. पाऊण तास गेला. त्या दिवशी तुमच्या लेकीने सांगितलं की हा डेटा वाढला आहे, आता छाटायला माणूस बोलवायचा. (डेटा म्हणजे आपण लिहिलेलंच सगळं. वेगळं काही नाही, फक्त नाव भारी.)

आली ती एक बाई. तिशीची, चष्मा, बूट न वाजवता चालणारी. मी तिला छाटणीबाई म्हणते. ती दोन दिवस गुपचूप बघत बसली आणि तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं की अर्धी जागा माझ्या टेबलाने खाल्ली आहे. एकेका तक्रारीत मी काना-मात्रा सुधारली तरी सिस्टीम आधीची प्रत ठेवून नवी करते, आणि दर प्रतीला तो वहीचा फोटो पुन्हा चिकटतो. फोटोच्या कोपऱ्यात पान धरलेला माझा अंगठा. तो अंगठा म्हणे आत एकोणीस हजार वेळा आहे. सही येत असून इतके अंगठे देणारी बाई दुसरी नसेल. सगळे हसले, मीही हसले. तेव्हा मला वाटलं होतं की लाज वाटायची ती एवढीच.

मग तिने यादी काढली. कुठल्या लिफ्टच्या नोंदी सगळ्यात जास्त, कुठल्या जुन्या झाल्या, कुठल्या बाजूला काढून ठेवायच्या आणि कुठल्या टाकून द्यायच्या. सगळ्यांना वाटलं, मोठ्या हॉस्पिटलची पहिली येणार. पहिली आली पिवळ्या इमारतीची. विहीणबाई, पिवळी इमारत पाडून नऊ वर्षं झाली. सिस्टीम आली तेव्हा जुन्या वह्यांतली नावं सरसकट आत घातली, त्यात तीही गेली. इमारत नाही, लिफ्ट नाही, आणि तिच्या नावावर आठ वर्षांत साडेचार हजारांवर नोंदी.

चिरंजीव उठून उभे राहिले. त्यांच्या डोक्यात एकच आलं, की कुणीतरी दुरुस्तीच्या खोट्या फेऱ्या दाखवतो आहे. आणि पिवळी इमारत ज्यांच्याकडे होती ते आमचे थोरले मिस्त्री. ह्यांच्या वेळचे. त्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, मिस्त्री, नसलेल्या लिफ्टला तुम्ही आठ वर्षं काय तेल घालत होता? मिस्त्रींनी पिशवीतले नट आवळायचे पाने एकेक करून काढले, लहान ते मोठे असे माझ्या शेजारच्या टेबलावर मांडले आणि घरी गेले. मंगळवार होता, सकाळचे अकरा. मी टाचण्यांच्या डबीतल्या टाचण्या मोजत होते. आठ वर्षं त्या लिफ्टच्या नावाखाली लिहीत होते मी, आणि मी टाचण्या मोजत होते. बुधवारी दुपारी चारपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. त्यात एक रात्र गेली, तीन जेवणं गेली, आणि ती मी नीट जेवले हेही लिहून ठेवते.

त्याचं असं झालं होतं. अगदी पहिल्या दिवशी टायपिंगचा सराव करायला मी सिस्टीममध्ये ती इमारत उघडली, कारण तिथे बिघडवण्यासारखं काही नव्हतं. खाली 'शेरा' म्हणून भली मोठी रिकामी जागा. तिथे लिहिलं, चहा पाणचट. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी जरा जास्त लिहिलं. मग रोज. सकाळी आल्या आल्या मनात जे असेल ते तिथे ओतायचं आणि चारच्या सुमारास, राग बसला की, पुसून टाकायचं. पाटी कोरी. मला बाई सोयीचं वाटलं. तुमच्याशी बोलायचं तर तुम्ही तिची आई, शेजारणीशी बोलायचं तर तिला दहा घरं. सिस्टीम कुणाला सांगत नाही, अशी माझी समजूत. ती सांगत नाही हे खरं. पण विसरतही नाही.

बुधवारी चार वाजता छाटणीबाईने त्या नोंदी भिंतीवर मोठ्या करून दाखवल्या. पुसलेल्यासुद्धा. पहिली आली, "तुम्हाला नाही कळणार म्हणाली. मला कळू नये असं हिच्याकडे आहे तरी काय." मग नुसतं "टॉवेल." मग पुन्हा "टॉवेल." एकेचाळीस दिवस टॉवेल. छाटणीबाई बिचारी गंभीरपणे विचारते, हा लिफ्टचा कुठला भाग? कुणी हसलं नाही, कारण तोवर तुमची लेक उभी राहिली होती. पलंगावर ओला टॉवेल कोण टाकतं हे तिला माहीत आहे. मला उठून तार उपटावी असं वाटलं, तोवर पुढचं पान आलं.

ते पान तुम्हाला कुणी सांगण्याआधी मी सांगते. तुमचे हे शेवटच्या आजारात होते आणि ती दीड महिना तुमच्याकडे येऊन राहिली होती, त्यातला तिसरा दिवस. मी लिहिलं होतं, "माहेरी राहायला बरं निमित्त सापडलं."

लिहिलं होतं. मीच. दुपारी पुसलं. नंतर जे झालं ते झालं, मी तुमच्याकडे येऊन बसले, तुमचा हात धरला, आणि माझ्या मनात हे वाक्य कुठेच नव्हतं, कारण मी ते पुसलं होतं. मला खरंच वाटत होतं की पुसलं म्हणजे नव्हतंच.

तुमच्या लेकीने छाटणीबाईला विचारलं, "हे पुसलेलं आहे ना?" ती म्हणाली, "हो. कधी पुसलं तेही आहे. चार वाजून दहा मिनिटं." तुमच्या लेकीने मान हलवली, पर्स उचलली, माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलली असती तर मी उलट बोलले असते आणि दोघी मोकळ्या झालो असतो. ती म्हणाली, "आई, दुपारची गोळी राहिली आहे तुमची." आणि जिना उतरून गेली. मी गोळी घेतली. दुसरं काय करणार होते?

त्याच संध्याकाळी मी मिस्त्रींच्या घरी गेले आणि पाने परत दिले. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाले की त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, रोज सकाळी माझ्या पाठीमागून जाताना पिवळी इमारत उघडलेली दिसायची. मी विचारलं, मग मंगळवारी सांगितलं का नाहीत? ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही सांगाल." विहीणबाई, आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ सुनावलं आहे, सासूने तर तोंड दुखेपर्यंत. पण हे चार शब्द मी अजून गिळू शकलेले नाही. ते कामावर आले आहेत. चिरंजीवांनी त्यांची माफी मागितली. मीही मागितली, सगळ्यांसमोर, बसून नाही, उभी राहून.

तर असं आहे. मी वाईट बाई नाही असं म्हणणार नाही, ते तुम्ही ठरवा. माझी लाज माझ्यापाशी. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे की तिच्या जेवणाकडे बघा. राग आला की ती पाण्यावर राहते.

कळावे, लोभ असावा असं लिहायची सोय मी ठेवलेली नाही, तेव्हा नुसतंच,
तुमची विहीण

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. छाटणीबाईचं काम झालं. जुन्या तक्रारी बाजूच्या कोठारात गेल्या, माझे अंगठे गेले, आता सिस्टीम शिंकेपर्यंत उघडते. एक पिवळी इमारत तेवढी राहिली आहे. नोंद कायमची काढायची तर दोघांची परवानगी लागते, चिरंजीवांची आणि तुमच्या लेकीची. त्यांनी दिली, तिची बाकी आहे. छाटणीबाईचा नियम असा की ठेवायचं ते कशाला ठेवायचं हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर काढायचं. तेव्हा तिने एकदा येऊन ते काढून टाकावं. कचरा आहे, घरात कशाला?

ता. क. दुसरं. वरचं खोडून पुन्हा लिहिणार होते, पण खोडण्यावरचा माझा विश्वास उडाला आहे. काढायची घाई नको. छाटणीबाईकडून मी सगळ्या पुसलेल्या नोंदी कागदावर मागवल्या आणि भिंग घेऊन तीन दिवस वाचल्या. दोन हजार तीनशे सोळा आहेत. त्यात एकोणीस वेगळ्या आहेत. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सुट्टी काढून बसली आणि पेपरातल्या जाहिरातीसुद्धा वाचून दाखवल्या, त्या दिवसांतल्या तीन. बाकीच्या किरकोळ आहेत. छाटणीबाईने मला विचारलं की रागाचं पुसायला तुम्हाला दुपार व्हायची, मग हे दोन मिनिटांत का पुसलंत? मी तिला तिचं काम बघ म्हटलं.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. त्या एकोणीस मी इथे लिहून पाठवत नाही. पाठवल्या तर लाच दिल्यासारखं होईल, आणि एकोणिसांनी ते एक फिटत नाही, एवढा हिशेब मलाही येतो. तिला वाचायच्या तर तिने स्वतः उघडून वाचाव्या. न वाचता सगळं काढायचं असेल तरी माझी हरकत नाही, आणि सगळं ठेवून दारावर लावायचं असेल तरी नाही. मात्र काय ते तिने कळवायचं. चिरंजीवांकरवी नाही, ते मधलं गाळतात. आणि तुम्ही तर मुळीच लिहू नका. तुम्ही चांगल्या आहात, 'झालं गेलं' असं लिहाल, आणि मी लबाड आहे, ते लगेच खरं धरून बसेन. उत्तर तिनेच द्यायचं, स्वतःच्या हाताने, आणि पाठवण्याआधी त्यातलं काही खोडायचं नाही.