त्रेपन्न जणांच्या संगणक प्रमाणपत्रावर सही न केल्याबाबत

प्रति,
मा. सचिव साहेब,
मोरणाकाठ ज्ञानवर्धिनी संस्था,
शिराळा, जि. सांगली.

विषय : द्वितीय वर्ष कला वर्गातील विद्यार्थ्यांस संगणक कौशल्याचे प्रमाणपत्र देण्यापूर्वी संगणक कक्ष उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : मा. प्राचार्यांचे दि. ४ सप्टेंबरचे, माझ्याकडून खुलासा मागणारे पत्र.

महोदय,

कुकरची शिट्टी झाली आणि दुपारची निजलेली माझी पाच वर्षांची मुलगी सृष्टी उठून बसली. त्यामुळे या अर्जाचा पहिला कागद तिच्या चित्राला गेला, हा दुसरा आहे. अक्षर घाईचे आहे. मजकूर घाईचा नाही.

१. मी आपल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संगणक विषय शिकवते. जूनमध्ये असे ठरले की, वर्गातील चौसष्ट विद्यार्थ्यांना संगणक कितपत येतो ते तपासावे, कमी पडेल ते शिकवावे आणि मग प्रमाणपत्र द्यावे. तपासणी झाली, ती कागदावर. प्रश्नपत्रिका मी काढलेली नाही. ‘संगणकाची व्याख्या लिहा’, ‘माऊसची आकृती काढून भागांना नावे द्या’, असे प्रश्न होते. चौसष्टच्या चौसष्ट उत्तीर्ण. धुळा कोळेकर या विद्यार्थ्याच्या माऊसला दहापैकी दहा गुण मिळाले. आकृती खरोखरच सुरेख होती, वायरीची सावलीसुद्धा त्याने काढली होती.

२. मला राहवले नाही. दि. २३ ऑगस्ट रोजी विनंती करून कक्ष अर्धा दिवस उघडून घेतला आणि एकेकाला यंत्रासमोर बसवले. सांगितले एवढेच, की सुरू करा, आपले नाव टाइप करा, फाइल जतन करा आणि मला ईमेलने पाठवा. अकरा जणांना जमले.

धुळाने चप्पल दाराबाहेर काढली. यंत्राला हात लावून तो कपाळाला लावला आणि हाताची घडी घालून बसला. “मॅडम, हात लावू का?” एकोणीस वर्षांचा मुलगा, साहेब. मग त्याने पडद्यावर बोट टेकवून सरकवले. मोबाईलवर तो काय काय करतो, ते मलाही येत नाही. पण इथे, “ह्यात बोट फिरवलं तर कायच हलंना. बंद हाय व्हय ह्यो?” शेजारची मुले हसली, पण त्यांच्याही काचांवर ठसे होतेच. शिपाई आप्पासो संध्याकाळपर्यंत पुसत होते. मला म्हणाले, “आवं बाई, एवढी बोटं मतदानालाबी उठत न्हाईत.”

३. ईमेलचा पत्ता विचारला, तर सदतीस जणांनी एकच पत्ता लिहून दिला. तो निघाला बसस्थानकासमोर ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा. “त्यो आमचाच हाय मॅडम. मालक सगळ्यांस्नी त्योच घालत्यात,” असे मला खात्रीने सांगण्यात आले. पासवर्ड एकालाही ठाऊक नाही. अर्जावरचा मोबाईल क्रमांकही दुकानाचाच. नागपंचमीच्या गर्दीत दुकान चार दिवस बंद होते. धुळाचे एका भरतीचे प्रवेशपत्र त्याच पत्त्यावर येऊन पडले, परीक्षा होऊन गेली, आणि मग दुकान उघडले. तो जतकडचा, मावशीकडे राहून शिकतो. घरी त्याने ‘पेपर लय अवघड होता’ असे सांगितले आहे. हे मी त्याला विचारूनच लिहीत आहे.

४. यंत्रावर चाचणी का घेतली, याचा खुलासा मला मागण्यात आला आहे. येते की नाही हे पाहायचे होते म्हणून घेतली. याहून मोठा खुलासा मला सुचत नाही. यंत्रे बिघडतात, म्हणून ज्यांना ती चालवता येतात त्यांनाच कक्षात सोडावे, आणि चालवता येतात हे प्रमाणपत्रावरून ठरवावे, असा आमच्याकडे नियम आहे. प्रमाणपत्र असलेला विद्यार्थी अजून एकही नाही. म्हणून किल्ली कपाटात आहे. वीसही यंत्रे एकत्र सुरू झालेली मी एकदाच पाहिली, गेल्या वर्षी खंडेनवमीला. पूजा झाली, फोटो निघाले, यंत्रे बंद झाली. सात कीबोर्डांच्या फटीत कुंकू अजून आहे.

“सही करून टाका मॅडम, पोरं पुढं शिकतात आपोआप,” असे मला समजावण्यात आले. सोमवारी, दि. १५ रोजी, सही झाली की विषय पूर्ण समजला जाईल आणि तासिका वेळापत्रकातून निघेल. मग पुढं म्हणजे कुठं, साहेब? त्या दुकानात?

५. माझी विनंती एवढीच, की ही मुदत दोन महिने वाढवावी आणि रोज दुपारी साडेतीन ते पाच कक्ष उघडा ठेवावा. जादा मानधन मागत नाही. यंत्र बिघडले तर जबाबदारी माझी, तसे लिहून देते. माझे पती सैन्यात आहेत, घरी मुलीजवळ कोणी नाही, त्यामुळे ती कोपऱ्यात बसेल, एवढे चालवून घ्यावे. मलाही चौसष्ट सह्या करायच्याच आहेत. ही पोरे चांगली आहेत, हात धरून दोन दिवस दाखवले तर तिसऱ्या दिवशी मलाच शिकवतील. पण आज अकरा नावांपुढेच सही केली आहे. तीच यादी सोबत जोडत आहे.

ती जोडण्यापूर्वी समोर पसरली होती. सृष्टीने रिकाम्या रकान्यांवरून बोट फिरवत विचारले, इथे का नाही लिहिलेस? मी सांगितले, या दादा-ताईंना अजून येत नाही म्हणून. तिने यादी शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाली, “आई, तू त्यांची बाई ना? मग तू त्यांना शिकवलं का नाहीस?”

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
सौ. संयोगिता वीरधवल मोहिते
दि. १० सप्टेंबर २०२५