फाटकाबाहेरची घंटी

३० जून १९६१, नळदुर्ग

आज खाजाभाईंनी बिजली आश्रमात सोडली. मी शाळेला सुट्टी टाकली असती तर बरं झालं असतं, कारण दिवसभर मुलींना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

चार वर्षं त्या घोडीनं मला स्टँडवरून शाळेत आणि शाळेतून स्टँडवर नेलं. तेरला आईकडं जायचं, तेव्हा माझ्या पिशव्या ओढल्या. आता एस.टी. गावातून वळून जाते, टांग्यात बसतं कोण? त्यात बिजलीचा मागचा पाय गेला. वीटभट्टीवाला मागत होता. खाजाभाई म्हणाले, "भट्टीवर द्यायची, तर माझ्याच हातानं गळा दाबीन तिचा." शेवटी आण्णासाहेबांच्या आश्रमात द्यायचं ठरलं.

आश्रम म्हणजे हमरस्त्याकडेचं बंद पडलेलं कापसाचं जिनिंग. आण्णासाहेबांनी तिथं दोन वर्षांपूर्वी म्हातारी, लंगडी जनावरं ठेवायला सुरुवात केली. गावभर नाव झालं. पण एक नियम आहे. दान दिलेलं जनावर पुन्हा बघायला यायचं नाही. फाटकाशी दावं हातात द्यायचं आणि मागं न बघता जायचं. मालक दिसला की जनावर वैरण सोडतं, म्हणे. आणि दिल्या दानात जीव ठेवला तर ते दान कसलं?

खाजाभाईंना वाटलं होतं हा नियम हिंदूंनाच असेल. आण्णासाहेब म्हणाले, "नाही, सगळ्यांना." खाजाभाईंनी मान हलवली. "खैरातीचं आमच्यात बी असंच हाय."

दावं दिलं. वळले. चालत राहिले. बिजली मागून ओरडत होती. मी बघत होते, ते नाही.

४ जुलै

खाजाभाईंच्या बायको, ताहेराबी, सांगत होत्या, टांगा दारात तसाच उभा आहे. खाजाभाई रोज सकाळी उठून पुसतात!

९ जुलै

माझी खोली जिनिंगच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. आज संध्याकाळी टांग्याची घंटी ऐकू आली. मला वाटलं भास. खिडकीतून बघते तर खाजाभाई रस्त्याच्या कडेला उभे, टांग्यातली पितळेची घंटी काढून हातात घेतलेली. टण् टण् टण्! आणि भिंतीपलीकडून बिजली खिंकाळली.

मी खाली जाऊन म्हटलं, "काय हो, नियम मोडताय?"

"बघायला मनाई हाय बाई. ऐकायला कुठं हाय?"

मोठे वकीलच झालेत! हसलो दोघं. मग ते म्हणाले, "तुमी तर काई दान दिलेलं न्हाय. तुमाला बघायला कोण अडवतंय? एकदा बघून या की. खाती का, बसती का... तेवढंच."

कबूल केलं. शब्द दिला.

२१ जुलै

गेले. आण्णासाहेबांना फाटकावर नवी पाटी हवी होती आणि माझं अक्षर वळणदार, त्यामुळं आयतीच संधी आली. रंगाचा डबा घेऊन गेले. पाटी रंगवली — 'मुक्या जिवांचा विसावा'. मग व्यंकटला, तिथल्या गड्याला म्हटलं, जरा आत बघते. तो म्हणाला, "नका जाऊ बाई." मी गेले.

लिहावं का? कुणासाठी लिहायचं? पण नाही लिहिलं तर मला झोप यायची नाही.

फाटकाशी कडब्याची गंजी आहे, झेंडूचे हार घातलेली. आलेल्या-गेलेल्याला तेवढीच दिसते. तिच्यामागं सगळं. हौदात शेवाळ, पाणी तळाला. एक गाय पडलेली, उठायचं सोडून दिलेली, आणि कावळे तिच्या पाठीवरच्या जखमेत चोच घालत होते. तिला शेपटी हलवायचीही ताकद नव्हती. एका वासराच्या गळ्यात दोरी रुतून कातडीच्या आत गेलेली. खूर वाढून वाकडे झालेले. शेणात पाय घोट्यापर्यंत. माश्यांचा आवाज इतका, की वरवंटा फिरतोय असं वाटावं.

बिजली कोपऱ्यात. फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. भिंतीचा चुना चाटत होती. मी हाक मारली तर कान टवकारले. ओळखलं तिनं मला! जवळ आली आणि माझ्या रिकाम्या पिशवीत तोंड घातलं.

व्यंकट म्हणाला, "एवढ्या जनावराला म्या एकटा. कडबा येतो दानात, पन गाड्या मळ्यावर जात्यात, आण्णासाहेबांच्या म्हशीला. ऱ्हाईल ते हितं. म्या काय खायला घालू, माझं डोस्कं?" आणि रडला. दांडगा माणूस, पण बाईमाणसासारखा रडला. मला राग आला त्याचा. रडतोस काय, सोडून दे ना सगळी! पण सोडून ती जाणार कुठं, हेही खरं.

२२ जुलै

संध्याकाळी घंटी वाजली. बिजलीनं जबाब दिला. खाजाभाईंनी विचारलं, "बघितलं का?"

त्यांचं तोंड बघितलं आणि मी म्हणाले, "ठीक आहे. खाते. जरा वाळलीय, पण ठीक."

वाळलीय, एवढं तरी खरं बोलले. ते म्हणाले, "म्हातारी झाली, वाळणारच."

२८ जुलै

आण्णासाहेबांकडं गेले. स्वच्छ धोतर, ओसरीवर झोपाळा, चहा आला. माणूस वाईट बोलत नाही, हेच वाईट. मी सगळं सांगितलं. गाय, कावळे, गळ्यातली दोरी. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, तो आश्रम आहे, दवाखाना नाही. म्हातारी जनावरं मरायलाच येतात तिथं. मी त्यांना सुरीपासून वाचवलं, एवढं काय कमी झालं?"

"तुम्ही शेवटचं आत कधी गेला होता?"

"मला तो वास सोसत नाही."

आश्रमाची सरकारात नोंद आहे का, विचारलं. हसले. "पुण्याच्या कामाला कसली नोंद?" आणि निरोप देताना, अगदी गोड आवाजात — शाळेच्या कमिटीवर तेच आहेत, याची आठवण. यापुढं परवानगीशिवाय आत जायचं नाही.

चहा मी पिऊन आले. तो तरी टाकायला हवा होता!

५ ऑगस्ट

तहसिलीत जाऊन आले, तुळजापूरला. कारकुनानं दफ्तर चाळलं. "नळदुर्गात असा आश्रम नाही."

"अहो, मी त्याची पाटी रंगवलीय!"

"दफ्तरात नाही. जे नाहीच, त्याची तक्रार कशी घेणार?"

येताना एस.टी.त जागा मिळाली नाही. उभ्यानं आले. डोकं तापलेलं. म्हणे नाहीच! मग ती गाय कुठं मेली? हो, मेली ती. व्यंकटनं परवा सांगितलं.

१४ ऑगस्ट

गवताच्या पेंढ्या विकत घेऊन व्यंकटच्या हाती देते. बिजलीपर्यंत पोचतात का, देव जाणे. त्याला तरी काय बोलणार, दहा तोंडं पुढं आली की तो कुणाला देणार?

२० ऑगस्ट

घंटी वाजली. जबाब उशिरा आला, बारीक. खाजाभाई म्हणाले, "आवाज बसला वाटतं. पावसाळी हवा."

मी "हो" म्हटलं.

ताहेराबींना तरी खरं सांगावं म्हणून त्यांच्या घरी गेले. तर त्याच माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्यामुळं ते दोन घास खातात बाई. तुमी सांगता, बिजली बरी हाय, तवा जेवतात." भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली मला. खाली मान घालून खाल्ली. तशीच परत आले.

२ सप्टेंबर

सुचलं! इतके दिवस कसं सुचलं नाही?

पोळा आला. पोळ्याला गावातले लोक आश्रमाच्या भिंतीवरून नैवेद्य टाकतात. आपण दिलेल्या बैलाला बघायचं नाही, पण त्याच्या वाटची पोळी भिंतीवरून आत टाकायची आणि मागं न बघता निघायचं. दर वर्षी थोडेच जण टाकतात. या वर्षी सगळ्यांनी टाकलं तर? आण्णासाहेब पोळ्याच्या नैवेद्याला नाही कसं म्हणतील? गाड्या भरून मळ्यावर पुरणपोळ्या थोड्याच जाणार?

शाळा सुटल्यावर घरोघर फिरले. आत काय चाललंय ते सांगितलं नाही — सांगितलं असतं तर बायका घाबरल्या असत्या, माझी नोकरी गेली असती. फक्त म्हणाले, यंदा जास्त करा, मुक्या जिवांना पोटभर होऊ द्या. कोंडाबाई म्हणाली, "आमचा हरण्या हाय तितं. पायलीभर घुगऱ्या शिजवते." मथुराबाईनं तर सगळ्या गल्लीला कामाला लावलं.

किती दिवसांनी हलकं वाटतंय.

८ सप्टेंबर

खांदेमळणी. घरोघर बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतायत. गल्लीत पुरण शिजल्याचा वास. खाजाभाई नात्यातल्या लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर लोहाऱ्याला गेलेत, तीन दिवसांनी येतील. जाताना घंटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "माझ्या वाटची घंटी तुमीच वाजवा."

वाजवली. जबाब आला.

९ सप्टेंबर, पोळा

काय माणसं आली! टोपल्या, पातेली, परड्या. भिंतीवरून पुरणपोळ्या, शिजवलेली ज्वारी, हरभरे, गूळ. कोंडाबाईनं हरण्याचं नाव घेऊन पातेलं रिकामं केलं आणि पदर डोळ्याला लावून सरळ निघून गेली, मागं न बघता. आतून आवाज येत होता — खाण्याचा, ढकलाढकलीचा. मी खाजाभाईंच्या वाटचे भिजवलेले हरभरे टाकले. बिजलीचं नाव घेतलं, मोठ्यानं. पिशवी पूर्ण रिकामी केली.

घंटी वाजवली. ती खिंकाळली! पूर्वीसारखी.

आज मी सुखी आहे. लिहून ठेवते.

१० सप्टेंबर

सकाळी व्यंकट दारात. "बाई, फुगली सगळी."

गेले. परवानगी कसली नि काय. पोटं ढोलासारखी. उपाशी पोटी दाणा, वर हौदातलं पाणी. हरण्या मेलेला. ते दोरीवालं वासरू मेलेलं. कितीतरी. बिजली लोळत होती, पोटावर स्वतःच लाथा मारत होती. व्यंकटनं जुलाबाचं तेल आणलं, तिनं दात उघडले नाहीत. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. अंगाला घाम, डोळा उघडा.

दुपारी गेली.

मी खायला घातलं. माझ्या हातानं.

११ सप्टेंबर

मागच्या बाजूनं रातोरात ओढून ओढ्याकडं नेली सगळी. आण्णासाहेब फाटकाशी आले, नाकाला उपरणं लावून. लोकांना म्हणाले, "पोळ्याचं पुरण खाऊन गेली, सोनं झालं त्यांचं." लोकांनी हात जोडले! कोंडाबाईनं सुद्धा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हणून मी माणसांना लांब ठेवतो, बाई. तुमच्या मायेनं मारलं त्यांना."

त्याच्या तोंडून खरं ऐकावं लागलं. यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

संध्याकाळी खाजाभाई लोहाऱ्याहून आले ते तडक माझ्याकडं. गावात कळलं होतं. धापा टाकत होते. "जनावरं गेली म्हणतात. पोळ्याच्या दाण्यानं. खपाटीला गेलेल्या पोटात दाणा म्हंजे जहरच की. पर आपली बिजली काय उपाशी न्हवती. हाय ना ती? तुमी डोळ्यानं बघितलं ना?"

सांगायचं होतं. शपथ, सांगायचं होतं. ताहेराबी मागं उभ्या होत्या, माझ्याकडंच बघत.

"आहे," मी म्हणाले. "ठीक आहे."

ते तिथंच पायरीवर बसले आणि तोंड झाकून घेतलं. आनंदानं.

१२ सप्टेंबर

घंटी. काही नाही. पुन्हा घंटी.

मी खाली जाऊन सांगितलं, तिला मागच्या छपरात हलवलंय, तिथून आवाज येत नाही. म्हणाले, "बरं केलं. तितं सावली असंल." एक खोटं बोललं की पुढचं किती सहज येतं!

१७ सप्टेंबर

रोज वाजते. रोज म्हणतात, "मला येत न्हाय ऐकू, तिला येत असंल." मी खिडकी लावून घेते.

पुढच्या रविवारी सांगणार. नक्की.

२३ सप्टेंबर

उद्या रविवार. ताहेराबी घरी असतानाच सांगायचं, म्हणजे त्यांना सावरायला कुणी असेल.

२४ सप्टेंबर

जाणारच होते. चपला घातल्या होत्या. घंटी वाजली, आणि भिंतीपलीकडून जबाब आला — घोड्याचा, मोठा, भरल्या पोटाचा! मी धावत खाली गेले. खाजाभाई रस्त्यावर उभे, तोंडभर हसत.

"आपल्या आयुब टांगेवाल्याचा घोडा हाय त्यो. टांगा मोडीत काढला त्यानं. भट्टीवाल्याला देत हुता, मीच आडवा गेलो. म्हणलं, आश्रमात दे बाबा, तितं बाई जातीनं बघतात. माझी बिजली बघ, किती मजेत हाय." घंटी सदऱ्याला पुसून खिशात ठेवली. "सकाळीच सोडला त्यानं. चला, बिजलीला सोबत झाली."