पाठमोरी

अक्का, तुझ्यावर माहितीपट होतोय. ऐकून तू हसली असतीस, की पाठ न वळवता "कुणाला बघायचंय?" म्हणाली असतीस, माझं काही ठरत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की घरात नव्याने आलेल्या वहिनीला सगळं सांगावं लागलं: माझ्या आजीची थोरली बहीण मद्रासच्या स्टुडिओत, गाण्यांच्या सिनेमांत नाचायची, आणि पडद्यावर तिचा चेहरा कधीच दिसला नाही. नायिकेला नाचता येत नसलं की पाय तुझे, पाठ तुझी, आणि वळल्यावर चेहरा तिचा. वहिनी म्हणाली, "मग त्या होत्या हे कळायचं कसं?"

चामराजपेटच्या घरात, शाळेत घालण्याआधी, मला तूच शिकवलंस. ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर तू ओल्या बोटाने अक्षर काढायचीस आणि ते वाळून जायच्या आत मी ओळखायचं. नाचही तिथेच. तू गॅसकडे तोंड करून उभी आहेस, हातात डाव आहे, आणि मी मागून तुझी पाठ बघत पावलं टाकतेय. एकदा न राहवून मी पळत तुझ्या पुढे आले. तू थांबलीस. "समोर यायचं नाही. समोरून शिकलीस तर डावं-उजवं उलटं बसेल." कारण बरोबर होतं. पण तेवढ्यात मी तुझा चेहरा पाहिला होता. पाय, खांदे, मान सगळं नाचत होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं, भाडेकरूसाठी रिकामी करून ठेवलेल्या खोलीसारखं. त्यानंतर मी कधी पुढे आले नाही.

माहितीपट करणारी बाई पुण्याहून इथे, कानडी मुलखात, कंपनीत नोकरीला आली आणि नोकरी सोडून या नादाला लागली. तुझं एकही गाणं तिच्या हाती लागलं नाही. रिळं कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. मग ती मला म्हणाली, "तू कर ना. पाठमोरी. त्या शिकवायच्या तसंच." पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये जुन्या स्टुडिओसारखी जमीन होती, तिथे मी नाचले. तिने ते काळंपांढरं केलं, वर ओरखडे आणले. खाली पट्टी टाकायची, हे दृश्य नव्याने चित्रित केलं आहे असं स्पष्ट लिहायचं, हे मी आधीच कबूल करून घेतलं होतं. "हो गं, शेवटी टाकू," ती म्हणाली होती.

तुझ्यासोबत रांगेत नाचणारी एक मैत्रीण अजून मल्लेश्वरमला असते. आम्ही तिच्याकडे गेलो. आधी मी सांगणार होते की दृश्यातली ही मी आहे, पण मी खुर्ची ओढून बसेपर्यंत बाईने लॅपटॉप सुरूही केला होता.

"अय्यो, अक्का!" त्या आजी पुढे वाकल्या. "कुठे मिळालं गं तुम्हाला हे? स्वल्प मागं घे. हां. बघ, डावी टाच टेकवत नाहीये. कंदील फुटून काच घुसली होती त्या दिवशी. ही नाचतच राहिली. नंतर ती टाच कधी नीट टेकलीच नाही."

अक्का, मला ते नाचातलं पाऊलच वाटत होतं. पुढे नाचाच्या क्लासमध्ये शिक्षिका त्या टाचेवर छडी टेकवायच्या, "खाली, खाली," आणि मी मनात म्हणायचे, आमच्या अक्काची पद्धत वेगळी आहे. तुझी जखम मी नाच म्हणून पाठ केली होती.

"आणि हे बघ," आजी म्हणाल्या, "इथे मान वळवली ना, ती मी हाक मारली म्हणून. जेवायला चल म्हटलं. ऐकलंन तिने."

पडद्यावर मान खरंच स्वल्पशी वळते. ते वळण तू मला शिकवलं नव्हतंस. शेडमध्ये मला वाटलं होतं बाईने काहीतरी म्हटलं, म्हणून मी वळले. नंतर विचारलं तर ती म्हणाली, "मी? मी तर श्वास रोखून बसले होते."

तरी मी सांगितलं. "आजी, ती मी आहे."

"तू?" त्या हसू लागल्या. "तुझी आईसुद्धा जन्मली नव्हती तेव्हा. सरी सरी, बरं बरं, कॉफी घे."

खाली रस्त्यावर आल्याआल्या बाई म्हणाली, "पट्टी नको टाकूया. प्लीज. त्यांनी ओळखलंय! पट्टी टाकली तर त्या भ्रमिष्ट वाटतील लोकांना."

"आणि नाही टाकली तर मी अक्काच्या जागी उभी राहीन, तिचं नाव घेऊन. आयुष्यभर तिच्या जागी दुसरी उभी राहिली, आता मीही?"

"मग काढूनच टाकते तो शॉट. मग फिल्ममध्ये त्या कुठेच नाहीत. चालेल?"

रिक्षा आली, गेली. मला तू त्यात हवी होतीस, आणि खोटी नको होतीस. घरी येऊन आरशासमोर टाच टेकवून नाचायचा प्रयत्न केला. ती उचलली जाते. टेकवली की आत काहीतरी टोचतं. डॉक्टरला दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही.

शेवटी बाईने माझं ऐकलं. पट्टी आहे. मात्र अक्षर बारीक ठेव, असं मीच तिला म्हटलं. आजींना वाचता यायला नको, वाईट वाटेल त्यांना, हे कारण दिलं. तिला ते पटलं. हे लिहिलेलं मी तिला दाखवणार नाही, कारण ते कारण पुरतं खरं नव्हतं. परवा पट्टीसकट ते दृश्य पहिल्यांदा पाहायला बसले, आणि अक्षरं उमटायला लागताच पडद्याचा तेवढा भाग मी तळहाताने झाकून घेतला.