रविवारचं रोम

१२ जानेवारी, रवि. प्लेनो, टेक्सास
ईशाचा फोन. ॲन आर्बरला बर्फ, इथे ऊन. जेवलीस का, जेवले. गाडी सुरू होते ना, होते. मग फोन ठेवला.
मंजू होती तेव्हा मायलेकी तासभर बोलायच्या. शेवटी फोन माझ्याकडे यायचा, "घे, बोल लेकीशी." मंजूला जाऊन वर्ष होत आलं. आता अख्खा फोन माझ्याच वाट्याला, आणि चार वाक्यांत संपतो.
पोरगी रोमवर पीएचडी करतेय. एवढंसं गाव सगळ्या इटलीचं मालक कसं झालं, हा विषय. मी कधी धड विचारलंही नाही.

१८ जाने., शनि.
लायब्ररीतून रोमवरची दोन जाड पुस्तकं आणली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ट्रिपला जाताय का? हो म्हणून टाकलं.

१९ जाने., रवि.
ई.ला विचारलं, हे व्हेई नेमकं कुठे येतं? ती म्हणाली, "बाबा, यू आर रीडिंग अबाउट व्हेई?"
सुटलीच. व्हेई म्हणजे रोमच्या शेजारचं तालेवार शहर, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. शेवटी रोमने ते घेतलं, जमीन आपल्या लोकांत वाटली. आणि थोड्याच वर्षांत उत्तरेकडून गॉल आले, खुद्द रोमच लुटून गेले. मग? मग काय, परत उभे राहिले.
फोनच्या नादात भाजी करपली. तशीच खाल्ली. बरी लागली.

२ फेब्रु., रवि.
आज लॅटिन लोक. रोमचेच भाऊबंद, उठले आणि हरले. रोमने कुणाला पूर्ण नागरिक केलं, कुणाला नागरिकत्व दिलं पण मत नाही. सैनिक मात्र सगळ्यांकडून घेतले. काल हरवलेले उद्याच्या लढाईत आपल्या बाजूला. ई.च्या मते रोम वाढलं ते यामुळे, नुसत्या तलवारीमुळे नाही.
मी म्हटलं, मत नसलेले नागरिक, म्हणजे आमचे ग्रीन कार्डचे दिवस. हसली. बऱ्याच दिवसांनी.

८ फेब्रु., शनि.
मंडळाचं हळदीकुंकू. देशपांडे काकूंचा निरोप, नुसते जेवायला तरी या. गाडी पार्किंगमध्ये लावली. दारातून मंजूच्या मैत्रिणी दिसल्या, नटलेल्या. परत फिरलो. काकूंना कळवलं, बरं वाटत नाही. खोटं तरी कसं म्हणू.

९ फेब्रु., रवि.
सॅम्नाइट. डोंगरातले चिवट लोक. रोमची फौज त्यांच्या खिंडीत अडकली. आता यांचं करायचं काय? सॅम्नाइट सेनापतीने म्हाताऱ्या बापाला गाडीत घालून आणवलं. बाप म्हणाला, सगळ्यांना मानाने सोड, नाहीतर एकालाही सोडू नकोस. मुलाने मधलं काढलं: हत्यारं काढून घेतली, मान खाली घालून जायला लावलं, अपमान केला आणि सोडलं. रोमन परत आलेच.
ई. म्हणाली, खरं असेल नसेल, पण तिला हा म्हातारा आवडतो. मलाही.

२३ फेब्रु., रवि.
मी यादवी-बिदवी काहीतरी विचारणार होतो. त्याआधीच म्हणाली, "बाबा, आय लेफ्ट द प्रोग्रॅम."
ऑक्टोबरमध्येच. एका नर्सरीत काम करते, झाडांच्या. म्हणजे मी जानेवारीपासून विचारत होतो तेव्हा...
रागावलो नाही. म्हटलं, सहा महिन्यांची सुट्टी घे, मग बघू. ती शांतपणे म्हणाली, हा मधला मार्ग झाला, बाबा. आणि फोन ठेवला.

२ मार्च, रवि.
फोन नाही. मी केला, उचलला नाही. मेसेज आला, बिझी.
पुस्तक तरी वाचत बसलो. ग्रीक राजा पिऱ्हस हत्ती घेऊन आला, लढाया जिंकला, पण माणसं संपत चालली. रोमला मित्रांकडून नवी मिळतच राहिली. शेवटी तो परत गेला आणि जवळजवळ सगळी इटली यांची झाली. म्हणजे विषय इथे संपतो. सांगायला कुणी नाही.

१५ मार्च, शनि. ॲन आर्बर
कळवून आलो. ये म्हणाली, एवढंच. एअरपोर्टवर स्वतः न्यायला आली. वाळलीये. नखांत माती. तिच्या घरात रोमची पुस्तकं खोक्यांत, टेप मारलेली.
जेवताना तिने विचारलं, बाबा, तू हे सगळं वाचलंस कशाला?
"तुझ्याशी बोलायला काहीतरी हवं होतं."
मराठीत म्हणाली, तिचं ते अडखळतं मराठी: "मला पण. म्हणून नाही सांगितलं."
का सोडलं, हेही विचारवलं नाही. आई गेल्यावर वाचलेलं डोक्यात राहीना, एवढं आपणहून म्हणाली.

१६ मार्च, रवि.
परत प्लेनो. निघताना म्हटलं, घरी ये, हवं तितकं राहा. किंवा नको येऊस. किंवा परत शिक. तू म्हणशील ते. म्हणाली, माहीत नाही बाबा.

२६ मार्च, बुध.
संध्याकाळी फोन. दचकलो, आज बुधवार. काय झालं? काही नाही, सहज.
माझ्याकडे विचारायला काहीच नव्हतं. ती काहीतरी चिरत होती, सुरीचा आवाज येत होता. मी कुकर लावला. शिट्टी झाल्यावर तिने विचारलं, वरण का? हो. फोडणी कशाची? मी सांगितली. पुढे काय करणार, मी विचारलं नाही, ती बोलली नाही. बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.