फलकावरचा नंबर पुसण्याचा ठराव

२ मे, सकाळी

संध्याकाळी असोसिएशनची सभा. अध्यक्ष या नात्याने भाषण माझं. मसुदा इथेच करतो. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी अक्षर नीट काढतो आहे.

"या रस्त्यावरच्या तमाम दुकानदार बंधूंनो आणि भगिनी (एकच आहे, पार्लरवाली), आपलं सगळ्यांचं दुखणं एक आहे. गिऱ्हाईक आत येतं, पंख्याखाली बसतं, चार वस्तू काढायला लावतं, भाव विचारतं, फोटो काढतं आणि 'येतो हं' म्हणून जातं. ते परत येत नाही. वस्तू मात्र त्याच्या घरी पोचते. दुसरीकडून. आपण वस्तू परत खोक्यात भरतो. किती दिवस भरणार?"

इथे टेबलावर मूठ आपटायची. हलकी. मागच्या वेळी चष्मा पडला होता.

मग उपाय. हुंकार. आठ दिवसांपूर्वीच सुरू झालेला नवा सोशल मीडिया. इथे लिहायचं नाही, बोलायचं, हवा तर सोबत व्हिडिओ. फॉलोअर नाहीत, श्रोते आहेत. जणू कोणीतरी माझ्यासाठीच बनवला. एकच उणीव: एका वेळी वीस सेकंद. ती कंपनी पुढे सुधारेल.

संशोधन पूर्ण आहे. कन्येला विचारलं, तुझ्या मैत्रिणी हल्ली कुठे असतात? ती म्हणाली, हुंकारवर. एवढं पुरे. क्रांतीला आकडेवारी लागत नाही.

२ मे, सभेनंतर

ठराव मंजूर. सात दिवसांत प्रत्येकाने दुकानाच्या फलकावरचा फोन नंबर पुसून तिथे हुंकारचा पत्ता रंगवायचा. नंबर ठेवला तर माणूस नंबरच लावणार. परतीचे दोर कापल्याशिवाय कोणी लढत नाही, हे मी इतिहासातल्या तीन लढायांचे दाखले देऊन सिद्ध केलं. दोन बरोबर आठवले, तिसरा बहुधा जुळून गेला.

समोरचा हार्डवेअरवाला तेवढा तटस्थ. त्याने एकच प्रश्न विचारला: तिथे गिऱ्हाईक आहे का? मी म्हणालो, गिऱ्हाईक असेल तिथे जाणं हे फेरीवाल्याचं काम, गिऱ्हाईकाला हवं तिथे नेणं हे नेत्याचं. टाळ्या. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात बिस्किटं होती.

माणूस मनाने छपाईयंत्राच्या आधीच्या काळातला आहे. कीव येते.

३ मे

घरात विरोध. आमच्या दुकानात सौ. काउंटर आणि फोन सांभाळते, मी चावीचं मशीन आणि विचार. सौ. म्हणाली, अहो, कुलूप घ्यायला माणूस एकदा येतो. दाराबाहेर अडकला की तिथूनच फोन करतो, त्यावर आपलं चालतं. शिवाय वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा फोन याच महिन्यात येतो.

हे खरं. सत्र सुरू व्हायच्या आधी सगळ्या खोल्यांची कुलपं बदलतात, चाव्यांसकट. दुकानाचं अख्ख्या वर्षाचं भाडं त्या एका ऑर्डरीतून निघतं. पण मी समजावलं की रेक्टरबाई सुशिक्षित आहेत, हुंकारवर स्वतःहून येतील. सौ. म्हणाली, त्या अजून घड्याळाला चावी देतात.

सुशिक्षित माणसाला हेटाळणं हे मध्यमवर्गाचं जुनं दुखणं आहे.

५ मे

पेंटर आला. नंबर पुसायच्या आधी त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, बिनधास्त. मग त्याने हुंकारचा पत्ता लिहायला घेतला. पत्ता लांब निघाला. शेवटची तीन अक्षरं बाजूच्या भिंतीवर गेली. ती भिंत टेलरची. टेलर म्हणाला, राहू दे, ठरावच आहे.

दुपारी लँडलाइन परत करून आलो. निम्मे उपाय मला मान्य नाहीत. अर्जात 'बंद करण्याचे कारण' असा रकाना होता. लिहिलं: प्रगती. काउंटरवरच्या बाईंनी ते खोडून 'स्वेच्छेने' असं लिहिलं.

सौ. दिवसभर बोलली नाही. दुकानात फोन नसल्यामुळे ही शांतता जास्त जाणवली.

६ मे

पहिलं भाषण टाकलं: 'कुलूप: मानवी संस्कृतीचा पाया'. वीस सेकंदांच्या नियमामुळे सतरा भाग करावे लागले. हुंकारने लोकांना आधी अकरावा भाग दाखवला. त्यात मी एवढंच म्हणतो, "आणि म्हणूनच, मित्रांनो, मी पुन्हा पुन्हा सांगतो की". नंतर पाणी पितो.

सात जणांनी ऐकलं. एकाला आवडलं. तो टेलर.

८ मे

रोज नेमाने तीन हुंकार टाकायचे, असा निश्चय.

श्रोते वाढत आहेत. सगळे याच रस्त्यावरचे, ही सुरुवात आहे. बाहेरचे दोघे: एक दूरच्या शहरातला फरशीवाला, दुसरी श्रोते विकणारी कंपनी.

टेलरने मला हुंकारवरून पँटची अर्ध्या भावातली ऑफर पाठवली. मी त्याला कुलपाची पाठवली. दोघांनी स्वीकारली. पार्लरवालीने आम्हा दोघांना फेशियलची पाठवली. टेलरने स्वीकारली.

म्हणजे उलाढाल सुरू झाली. सौ. म्हणाली, तुम्ही टेलरला कुलूप विकलं, टेलरने तुम्हाला पँट, दोघंही तोट्यात, गिऱ्हाईक कुठे आहे यात? अर्थशास्त्र तिचा विषय नाही.

आजचा तिसरा हुंकार राहिला. पँटचं माप द्यायला गेलो होतो.

१० मे

ऐतिहासिक दिवस. हुंकारवरून पहिलं गिऱ्हाईक.

मागच्या इमारतीतल्या बाई दाराबाहेर अडकल्या. लॅच लागला, चावी आत, गॅसवर दूध. आमचा जुना नंबर लावला, तो बंद. धावत दुकानाशी आल्या, तर जेवणाची वेळ, शटर खाली. फलकावर हुंकारचा पत्ता. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या हुंकार डाउनलोड केलं. जन्मतारीख टाकली. आवडीचे तीन विषय निवडल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही. त्यांनी बागकाम, प्रवास आणि पुन्हा बागकाम निवडलं. मग वीस सेकंद आवाजात मदत मागितली.

मला तो हुंकार पाच वाजता सापडला. 'अनोळखी' या कप्प्यात पडला होता. पहिली पंधरा सेकंदं फक्त धाप ऐकू येते. आवाजात काय जिवंतपणा. लेखी निरोपात हे कधीच आलं नसतं.

तोवर हार्डवेअरवाल्याने जाऊन लॅच उघडला होता. त्याला उघडता येत नाही, म्हणजे तोडला. पातेलं गेलं. दूध अर्थात आधीच गेलं होतं.

सौ.ला म्हणालो, बघ, आलं की नाही गिऱ्हाईक? ती म्हणाली, अहो, ते गिऱ्हाईक नाही, ती तक्रार आहे. पातेलं घेऊन आल्या होत्या दाखवायला.

दुसरे दोन हुंकार आज टाकले नाहीत. गुणवत्ता महत्त्वाची.

१३ मे

कन्येने हुंकार सोडलं. धक्का. कारण विचारलं. म्हणाली, बाबा, तिथे आता नुसते दुकानदार आहेत. एक मैत्रीण रडवेली होऊन काहीतरी सांगत होती, तिच्या हुंकारखाली तुम्ही 'मजबूत पितळी कुलपांसाठी भेटा' असं बोललात.

मी म्हणालो, ती खिन्न होती, तिला सुरक्षिततेची गरज होती. कन्या म्हणाली, तिला तुम्ही माझे बाबा आहात हे माहीत आहे.

नवी पिढी लवकर थकते. चळवळ नेहमी प्रौढांच्या खांद्यावरच उभी राहते.

१५ मे

रेक्टरबाईंची ऑर्डर अजून नाही. सौ. रोज विचारते. मी रोज हुंकार उघडून बघतो. त्या तिथे सापडत नाहीत. टोपणनावाने असतील. 'शिस्तप्रिय' नावाच्या एकाला निरोप पाठवला. तो कुत्र्यांना शिकवणारा निघाला.

सौ. म्हणाली, मी वसतिगृहात जाऊन येते. मी मनाई केली. आपण गेलो तर ठरावाचा अर्थ काय उरला? दार ठोठावण्याचा काळ गेला. सौ. म्हणाली, कुलपांचं दुकान आहे आपलं, दारं गेली तर आपण काय विकणार? तत्त्वाची चर्चा ती नेहमी अशी खाली आणते.

१७ मे

यश. आजचा हुंकार अठराशे लोकांनी पाहिला.

झालं असं. अकरा वाजता समोर टेम्पो उभा. हार्डवेअरवाल्याच्या दुकानातून खोकी भरणं चालू, दोन हमाल, घामाने निथळलेले. मनात विचार आला, हा विरोधक असेल, पण या रस्त्याचाच आहे, मोठ्या मनाने घ्यावं. व्हिडिओ काढला आणि वर माझा आवाज टाकला: "पाहा, पाहा, आपल्या रस्त्याची ही भरभराट. हा हुंकारचा चमत्कार."

दुपारभर आकडा चढत होता. सौ.ला दाखवला. तिने फोन हातात घेतला, पुन्हा लावला, थांबवला, आणि टेम्पोच्या दारावर बोट ठेवलं. तिथे वसतिगृहाचं नाव होतं. खोक्यांवर कुलपाचं चित्र होतं.

मग ती म्हणाली, अठराशे लोकांनी बघितलं, तुम्ही नाही बघितलं.

व्हिडिओ काढून टाकावा का, याचा विचार केला. ठेवला. अठराशे ही संख्या लहान नाही.

१८ मे

हार्डवेअरवाला स्वतः येऊन गेला. म्हणाला, अध्यक्षसाहेब, रागावू नका. रेक्टरबाईंनी तीन दिवस तुमचा नंबर फिरवला. मग रिक्षा करून आल्या, वहिनी तेव्हा दुकानात नव्हत्या. तुम्ही बाहेर उभं राहून मोबाईलशी बोलत होतात. त्यांनी तुम्हाला हाका मारल्या, तुम्ही हात करून थांबायला सांगितलंत. वीस सेकंदांचं बोलणं, पण तुम्ही ते नऊ वेळा केलंत. शेवटी माझ्याकडे आल्या.

आठवतं. तो हुंकार होता 'ग्राहक हाच राजा'. दहाव्या वेळी छान आला.

सौ. हे सगळं काउंटरवरून ऐकत होती. एका जागी बसून तिने सगळी कुलपं पुसून काढली.

१९ मे, सकाळी

हुंकारकडून निरोप आला आहे: "वापरणाऱ्यांच्या आग्रहास्तव दुकाने व व्यवसाय यांची सर्व खाती आजपासून बंद करण्यात येत आहेत. हुंकार पुन्हा माणसांसाठी."

म्हणजे मी कोण?

१९ मे, दुपारी

दाद मागायचं ठरवलं. हुंकारची वेबसाइट पालथी घातली. मदत, मग अधिक मदत, मग 'तुमचा प्रश्न यात आहे का', मग परत मदत. कुठेही फोन नंबर नाही. एवढी मोठी कंपनी, लाखो लोकांशी व्यवहार, आणि माणूस अडकला तर फोन कुठे करायचा हे लिहिलेलं नाही. संताप आला. दुकानात मोठ्याने म्हणालो, नंबर न लिहिता धंदा करायला यांना लाज कशी वाटत नाही?

दुकानात सौ., टेलर आणि पार्लरवाली होती. तिघंही बाहेर जाऊन आमच्या फलकाकडे बघत उभी राहिली. बराच वेळ.

२० मे

तातडीची सभा. मी भाषण तयार ठेवलं होतं: 'माघार हीच पुढची चाल'. कोणी बसलंच नाही. सगळे पेंटरभोवती. प्रत्येकाला नंबर परत हवा आहे, आजच. पेंटर म्हणतो, पंधरा दिवस लागतील. तो खुशीत आहे. मला बघून वाकून नमस्कार केला. ठरावाचा खरा लाभार्थी एवढाच.

टेलर म्हणाला, साहेब, माझ्या भिंतीवरची तीन अक्षरं तेवढी आधी पुसा. पँट नंतर देतो.

२१ मे

सौ. मला न विचारता वसतिगृहात गेली. कुलपं गेली ती गेली. पण प्रत्येक कुलपाच्या जादा चाव्या करायच्या आहेत आणि त्या समोरच्याला करता येत नाहीत. रेक्टरबाई म्हणाल्या, काम तुम्हालाच द्यायचंय, पण मुली रात्री-अपरात्री बाहेर अडकतात, मला हाताशी फोन हवा. उद्या दहा वाजता मी तुमच्या रस्त्यावरून जाईन. फलकावर नंबर दिसला तर थांबेन, नाही तर पुढच्या चौकात दुसरा आहे.

पूर्ण भाडं त्यातून निघणार नाही, पण निम्मं निघेल. हा माझ्या तीन आठवड्यांच्या जनसंपर्काचा परिपाक म्हणायला हवा. सौ.ला तसं म्हणालो. तिने जेवण वाढलं नाही, ताट ठेवून गेली.

पेंटर मोकळा नाही. लँडलाइनचा जुना नंबर दुसऱ्या कोणाला देऊन टाकला म्हणतात. सौ. म्हणाली, माझा मोबाईल नंबर लिहायचा, आणि मीच लिहिणार.

उद्यासाठी निश्चय: रेक्टरबाईंचं स्वागत छोट्या भाषणाने करायचं. चार मिनिटं. फार तर सहा.

२२ मे, सकाळी नऊ

सौ. पदर खोचून शिडीवर. शिडी हार्डवेअरवाल्याची, त्याने स्वतः आणून दिली आणि कडेला उभा राहून मजा बघतो आहे. आकडे वेडेवाकडे, पण पलीकडच्या फुटपाथवरून वाचता येतात. सहा झाले, चार बाकी.

मी खाली उभा राहून ही वही लिहितो आहे आणि भाषणाची सुरुवात जुळवतो आहे. "बंधूंनो, मानवजातीच्या प्रवासात काही पावलं मागे" इथवर आलो. मोठ्याने म्हणून पाहिलं. शिडी जरा हलली.

वरून सौ. म्हणाली, अहो, भाषण पुरे. वही खिशात घाला आणि शिडी धरा.